सांद्रीभवन, संघनन आणि दवबिंदू : एका परिभाषेचा आढावा

हवेतील न दिसणारी वाफ थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होणे, या एकाच घटनेला आजच्या शास्त्रीय मराठीत दोन नावे आहेत. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात तिला प्रामुख्याने ‘संघनन’ म्हणतात, तर भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्य, धुके आणि ढग यांच्या प्रकरणांत तीच घटना ‘सांद्रीभवन’ या नावाने भेटते. आणि ज्या तापमानाला ही घटना सुरू होते त्या तापमानाला ‘दवबिंदू’ किंवा ‘दवबिंदू तापमान’ म्हटले जाते, जरी ‘दवबिंदू’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात आधी पानावरचा थेंब उभा करतो. दोन विषयांच्या दोन पुस्तकांत एकाच गोष्टीला दोन नावे असणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. परंतु परिभाषेचे मुख्य काम एका कल्पनेला एक निश्चित नाव देण्याचे असल्यामुळे, ते जेथे होत नाही तेथे शिकणाऱ्याला एक घटना दोन घटनांसारखी वाटू लागते. या संज्ञांचा अर्थ काय, त्या कोणत्या धातूंपासून आणि कल्पनांपासून घडल्या, व्यवहारातील मराठी त्यांच्या जागी काय म्हणते आणि त्यांतील कोणती कोठे ठेवावी, हा येथील आढाव्याचा विषय आहे. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यासारखी सोयीची भूमी क्वचितच सापडेल, कारण घाटमाथ्यावरील ढग, हिवाळ्यातील दव, गुऱ्हाळाची काहील, साखर कारखान्याचा कंडेन्सर आणि उद्यमनगरातील कॉम्प्रेसर अशी या घटनेची जवळजवळ सर्व रूपे तेथे शंभर किलोमीटरच्या आत पाहता येतात.

प्रथम घटनेचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. ठरावीक तापमानाला ठरावीक जागेत पाण्याची वाफ एका मर्यादेपर्यंतच राहू शकते, आणि ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना सुमारे ९ ग्रॅम वाफ मावते. मर्यादेइतकी वाफ असलेल्या हवेला संपृक्त हवा म्हणतात, आणि संपृक्त हवा आणखी थंड झाली की जास्तीच्या वाफेला द्रवरूप घेण्यावाचून मार्ग उरत नाही. मात्र हे रूपांतर पोकळीत सहसा घडत नाही. त्याला टेकण्यासाठी एखादा पृष्ठभाग, धुळीचा कण, धुराचा कण किंवा समुद्रावरून आलेला मिठाचा सूक्ष्म कण लागतो. पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते तीच वाफेचे पाणी होताना बाहेर पडते, आणि ती थोडीथोडकी नसते: १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचे त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक भाजतो आणि मोदक पाण्यात न बुडवताही शिजतात, याचे कारण हेच आहे.

व्यवहारातील मराठीकडे वळले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. या भाषेत घटनेच्या परिणामांना नावे पुष्कळ आहेत, पण खुद्द घटनेला नाम नाही. दव, दहिवर, धुके, घाटाखाली आणि घाटमाथ्यावर बोलली जाणारी धुई, हे सर्व शब्द पाणी झाल्यानंतरच्या अवस्थेचे आहेत. प्रत्यक्ष होण्यासाठी मात्र मराठी माणूस क्रियापद वापरतो आणि ते प्रसंगाप्रमाणे बदलतो. थंड पाण्याच्या बाटलीला ‘घाम येतो’, काचेवर ‘वाफ धरते’, भाताच्या झाकणाला ‘पाणी सुटते’, पावसाळ्यात फरशी ‘ओल धरते’, आणि दव ‘पडते’. या प्रयोगांपैकी पहिला आणि शेवटचा शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे, पण दोन्ही चुका उपयुक्त आहेत. बाटलीच्या बाहेरचे पाणी आतून पाझरलेले नसून भोवतालच्या हवेतून आलेले असते, त्यामुळे घामाची उपमा मुळाविषयी दिशाभूल करते. तथापि माठाचे ओलेपण आणि बाटलीचे ओलेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत हे शिकवण्यासाठी त्याहून चांगली सुरुवात नाही, कारण माठ खरोखरच पाझरतो आणि त्याच्या पाण्याची वाफ होत असल्यामुळे तो थंड राहतो, तर स्टीलच्या पेल्यावर उलट वाफेचे पाणी होत असते. एकाच ओट्यावर शेजारीशेजारी ठेवलेली ही दोन भांडी परस्परविरुद्ध घटना दाखवतात.

‘दव पडते’ या प्रयोगाची कथाही अशीच आहे. दव आकाशातून पावसासारखे उतरते ही समजूत जगभर दीर्घकाळ टिकली होती. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने रात्री उघड्यावर लोकरीचे पुंजके ठेवून, त्यांचे वजन करून आणि तापमान मोजून १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, निरभ्र आणि शांत रात्री जमिनीलगतचे पदार्थ स्वतःची उष्णता आकाशाकडे गमावून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि त्यांना लागलेल्या हवेतील वाफेचे त्यांच्यावरच पाणी होते. म्हणजे दव पडत नाही, ते जागेवर होते. ढगाळ रात्री दव का नसते, वारा असेल तर ते का धरत नाही, आणि झाडाखालच्या गवतापेक्षा उघड्यावरच्या गवतावर ते अधिक का असते, या सर्व शंकांचे समाधान याच एका विवेचनातून होते. येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. पहाटे मक्याच्या किंवा अळूच्या पानाच्या टोकाशी जो एकेक टपोरा थेंब दिसतो तो पुष्कळदा दव नसतो. तो मुळांनी ओढलेल्या पाण्याचा पानाच्या कडेच्या छिद्रांतून झालेला स्राव असतो. खरे दव पानाच्या साऱ्या पृष्ठभागावर बारीक धरलेले असते, तर हा थेंब ठरलेल्या जागीच येतो.

दवाचा सर्वांत नेमका व्यावहारिक उपयोग महाराष्ट्रातील हरभऱ्याच्या शेतात आढळतो. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले स्रवतात, आणि रात्री धरलेल्या दवात ती विरघळतात. रान फुलोऱ्यात आले की शेतकरी संध्याकाळी धुतलेले पांढरे कापड पिकावर अंथरतात किंवा पहाटे ते पिकावरून फिरवतात, आणि उजाडल्यावर ते ओले कापड भांड्यात पिळतात. जे आंबट पाणी निघते त्याला ‘आंब’ म्हणतात आणि पोटाच्या तक्रारींवर ते घरगुती औषध म्हणून राखून ठेवतात. हे काम सूर्य वर येण्याआधी उरकावे लागते, कारण ऊन लागताच पाणी उडून जाते. कोणती रात्र आंब देईल हे जुन्या शेतकऱ्याला आकाश, वारा आणि संध्याकाळचा गारवा यांवरून कळते, आणि हे कळणे म्हणजे तापमानमापकाशिवाय केलेले दवाच्या तापमानाचे अनुमानच होय. ज्या भाषिक समाजापाशी इतके बारीक निरीक्षण आहे, त्याच्या मुलांना तीच घटना शाळेत अनोळखी वाटावी, यात दोष घटनेचा नसून नावांच्या मांडणीचा आहे.

नावांची ही मांडणी परभाषेतून आली आहे, आणि ती समजण्यासाठी तिकडील मूळ शब्द पाहिला पाहिजे. युरोपीय भाषांतील ‘कंडेन्सेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘दाट’ या अर्थाच्या ‘डेन्सस’ या विशेषणापासून झाला. त्याचा गाभा दाट होणे, एकवटणे हा आहे. वाफेचे पाणी होणे हा त्याचा एक अर्थ, एकमेव नव्हे. म्हणूनच दूध आटवणे, ग्रंथाचा संक्षेप करणे, भिंगाने प्रकाश एकत्र आणणे आणि विद्युतभार साठवणे या सर्वांसाठी तिकडे त्याच शब्दाची रूपे वापरली गेली. जेम्स वॉटने १७६९ साली ज्या सुधारणेचे पेटंट घेतले ती वाफेच्या एंजिनाला स्वतंत्र कंडेन्सर जोडण्याची होती, आणि अलेस्सांद्रो व्होल्टाने १७८० च्या दशकात विद्युतभार साठवणाऱ्या उपकरणालाही त्याच धातूचे नाव दिले. या इतिहासाचा माग कोल्हापूरच्या बाजारात अजून लागतो. पंख्याची दुरुस्ती करणारा कारागीर ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो तेव्हा त्याला विद्युतभार साठवणारा घटक अभिप्रेत असतो. फ्रिज दुरुस्त करणारा त्याच शब्दाने मागची नळ्यांची जाळी दाखवतो. आणि साखर कारखान्यातील कामगाराच्या लेखी कंडेन्सर म्हणजे उंचावरील ते मोठे भांडे, ज्यात वाफेवर गार पाण्याचा मारा होतो. तिघांत गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाचा शब्द त्याच्या वस्तूला घट्ट बांधलेला आहे. पुस्तकातील शब्दाला अशी वस्तू जवळ नसते, आणि म्हणून त्याच्या रचनेनेच अर्थ सुचवावा लागतो.

‘संघनन’ ही संज्ञा ‘घन’ या शब्दावर उभी आहे. घन म्हणजे दाट, घट्ट, एकत्र ठोकलेला. संस्कृतात आणि मराठी काव्यात घन म्हणजे ढगही, आणि या दृष्टीने ढग होण्याच्या क्रियेसाठी हा शब्द विलक्षण समर्पक वाटतो. परंतु शालेय मराठीत ‘घन’ या शब्दाने एक वेगळी आणि पक्की जागा घेतली आहे. पदार्थाच्या अवस्था शिकताना मूल ‘स्थायू, द्रव, वायू’ किंवा ‘घन, द्रव, वायू’ असे पाठ करते, आणि गणितात घन म्हणजे सर्व बाजू सारख्या असलेली आकृती किंवा तिसरा घात. त्या मुलाला ‘संघनन’ हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा त्याच्या रचनेवरून निघणारा सरळ अर्थ ‘घन होणे’ असा असतो, आणि व्याख्या मात्र ‘वाफेचे द्रव होणे’ अशी असते. शब्द एकीकडे ओढतो आणि व्याख्या दुसरीकडे. शेजारीच द्रवाचा घन होण्यासाठी ‘घनीभवन’ किंवा ‘गोठण’ या संज्ञा असल्यामुळे हा ताण आणखी वाढतो.

‘सांद्रीभवन’ हा शब्द ‘सांद्र’ या विशेषणापासून झाला असून सांद्र म्हणजे दाट, गच्च, घट्टसर. या शब्दाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याची अडचणही मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. आयुर्वेदात द्रव्यांचे जे वीस गुण दहा जोड्यांत सांगितले आहेत, त्यांत गुरू आणि लघू, शीत आणि उष्ण, मृदू आणि कठीण यांच्याप्रमाणे ‘सांद्र’ आणि ‘द्रव’ ही एक विरोधी जोडी आहे. म्हणजे वैद्यकाच्या परंपरेत जे सांद्र ते द्रव नव्हे, आणि त्या अर्थाने पाहता द्रव होण्याच्या क्रियेला सांद्रीभवन म्हणणे हे संघननाइतकेच उलटे ठरते. तरीही दोन्हींत फरक आहे. घन या शब्दाचा विरोधी अर्थ प्रत्येक शाळकरी मुलाला रोज भेटतो. सांद्र या शब्दाचा विरोधी अर्थ आयुर्वेदाच्या अभ्यासकापुरता मर्यादित आहे, आणि सामान्य वाचकाच्या मनात ‘सांद्र’ हा शब्द जवळजवळ कोराच असल्यामुळे त्यावर नवा अर्थ नीट उमटू शकतो.

दाटपणाची ही कल्पना कोणत्या घोटाळ्याला जन्म देते हे कोल्हापूरच्या गुऱ्हाळाइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ ज्या रसापासून होतो त्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. घाण्यातून आलेला रस काहिलीत पडतो, चुलवाणात वाळलेली चिपाडे पेटत राहतात, भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालून वर आलेली मळी काढली जाते, आणि मग तासन्‌तास उकळताना रस हळूहळू दाट होतो, फेसाचा रंग बदलतो, बुडबुड्यांचा आवाज जड होतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून पाहतो, आणि तिच्या घट्टपणावरून काहील उतरवण्याची वेळ ठरवतो. त्या वेळी पाकाचे तापमान ११५ अंशांच्या पुढे गेलेले असते. हे सारे दाट होणे आहे, शब्दशः सांद्र होणे आहे; पण ही घटना बाष्पीभवनाची आहे, कारण पाणी वाफ होऊन निघून गेल्यामुळेच रस दाट झाला. मराठीत तिला ‘आटणे’ आणि ‘आटवणे’ अशी नेमकी क्रियापदे आहेत आणि बासुंदी, खवा व काकवी यांच्यासाठीही तीच चालतात. म्हणजे परदेशी शब्दाच्या एकाच छत्राखाली दोन परस्परविरुद्ध घटना आल्या होत्या, आणि मराठीने त्यांतील एकीला अनादी काळापासून वेगळे नाव दिले होते. दुसरीचे नाव बनवताना मात्र दाटपणाचीच कल्पना उचलली गेली, आणि त्यामुळे गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलाला ‘सांद्रीभवन’ शब्दाचा अर्थ विचारल्यास त्याने काहिलीकडे बोट दाखवावे हे अगदी स्वाभाविक ठरते.

खरे सांद्रीभवन त्याच काहिलीच्या वर, छपराखाली घडत असते. उकळत्या रसातून निघालेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो पांढरा लोट म्हणजे थंड हवेत शिरताच त्या वाफेचे झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब, आणि हिवाळ्याच्या पहाटे तो लोट दुपारपेक्षा दाट दिसतो. त्या थेंबांबरोबर वाफेत साठवलेली उष्णताही रानात विखरून जाते. साखर कारखान्यात हीच उष्णता वाया जाऊ दिली जात नाही. तेथे रस आटवणारी भांडी एकापुढे एक जोडलेली असतात. पहिल्या भांड्यातील रसातून निघालेली वाफ दुसऱ्याच्या नळ्यांभोवती सोडली जाते, तेथे तिचे पाणी होताना जी उष्णता सुटते तिने दुसऱ्या भांड्यातील रस कमी दाबाखाली उकळतो, त्याची वाफ तिसऱ्याला, आणि असे शेवटपर्यंत. नॉर्बर्ट रिलिए या अमेरिकेत जन्मलेल्या अभियंत्याने १८४० च्या दशकात या पद्धतीची पेटंटे घेतली, आणि आज कसबा बावडा, वारणानगर, शिरोळ, बिद्री, कुडित्रे येथील कारखाने याच तत्त्वावर चालतात. शेवटच्या भांड्याची वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याने एकदम पाण्यात बदलली की तिने व्यापलेली जागा रिकामी होते, दाब घसरतो आणि त्यामुळे रस कमी तापमानाला उकळत राहतो. एका अर्थी सबंध कारखान्याचे आटवणे या शेवटच्या सांद्रीभवनावर टेकलेले असते. गुऱ्हाळ आणि कारखाना यांतील तांत्रिक अंतर नेमके कोठे आहे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर वाफेचे पुढे काय होते यात सापडते.

आता रचनेचा विचार. सांद्रीभवन या शब्दातील दीर्घ ‘ई’ संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययाची खूण आहे; जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, असा तिचा अर्थ असून त्याला ‘अभूततद्भाव’ म्हणतात. या रचनेचा मोठा लाभ असा की ‘भवन’ आणि ‘करण’ या दोन जोडांनी आपोआप होणे आणि मुद्दाम करणे हा भेद एका अक्षरगटात दाखवता येतो. घाटमाथ्यावर सांद्रीभवन होते, कारखान्यात सांद्रीकरण केले जाते. शिवाय बाष्पीभवन हा तिचा जोडीदार आधीपासूनच रूढ असल्यामुळे, पाण्याची वाफ होणे म्हणजे बाष्पीभवन आणि वाफेचे पाणी होणे म्हणजे सांद्रीभवन, अशी जोडी मुलाच्या तोंडी सहज बसते. ‘संघनन’ या शब्दात ही सोय नाही. मात्र त्याच्यापासून संघनक, संघनित, संघनित्र असे साधित शब्द सहज होतात, आणि सांद्रीभवनापासून ते तितके सुटसुटीत होत नाहीत, ही गोष्ट संघननाच्या बाजूने मान्य केली पाहिजे. ‘द्रवीभवन’ हा तिसरा पर्याय अर्थाने सर्वांत सरळ आहे, पण बर्फाचे वितळणे आणि वायूचे द्रव होणे या दोन्हींना तो सारखाच लागू पडतो, आणि मराठीत ‘द्रवणे’ म्हणजे प्रथमतः वितळणे, मग ते मेणाचे असो वा मनाचे. त्यामुळे तो येथे फारसा उपयोगी नाही.

‘दवबिंदू’ची अडचण याहून साधी आहे आणि तिचा उपायही साधा आहे. हवेचा दाब कायम ठेवून ती थंड करीत नेली तर ज्या तापमानाला ती संपृक्त होते, ते तिचे दवाचे तापमान. हिवाळ्यात कोल्हापुरात संध्याकाळी हवा २४ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर हे तापमान सुमारे १६ अंश येते; पहाटेपर्यंत गवताचे पाते तितके थंड झाले की दव धरणार. या तापमानाला ‘दवबिंदू’ म्हणताना ‘बिंदू’ हा शब्द मोजपट्टीवरील स्थान या अर्थी योजलेला आहे, जसा उत्कलनबिंदू किंवा विलयबिंदू या संज्ञांत तो असतो. परंतु उत्कलनाचा थेंब नसतो, दवाचा असतो. त्यामुळे ‘आज दवबिंदू १६ आहे’ या वाक्यात वाचक क्षणभर अडखळतो, आणि ‘दवबिंदू वाढला’ म्हणजे थेंब मोठा झाला की तापमान चढले, हे संदर्भाशिवाय कळत नाही. शालेय पुस्तकात ‘दवबिंदू तापमान’ असा जोडशब्द करून ही संदिग्धता टाळली आहे, आणि ते योग्यच आहे. पण द्रवणांक, उत्कलनांक यांच्या धर्तीवरील ‘दवांक’ हा शब्द अधिक आटोपशीर असून त्यात थेंबाचा भास मुळीच नाही.

दवांकाचे महत्त्व घाटमाथ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते. वर चढणारी हवा प्रसरण पावून दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते, तर तिचा दवांक त्याच अंतरात केवळ दोनेक अंशांनी उतरतो. म्हणून हवेचे तापमान आणि तिचा दवांक यांत जमिनीवर जितक्या अंशांचे अंतर असेल, त्याच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२५ मीटर चढल्यावर ढगाचा तळ लागतो. पावसाळ्यात कोकणातील हवा २८ अंशांची आणि तिचा दवांक २५ असेल, तर हा तळ पावणेचारशे मीटरवर येतो. गगनबावड्याचा माथा साधारण सहाशे मीटरांवर आहे. म्हणजे करूळ किंवा भुईबावडा घाट चढणारी एस.टी. अर्ध्या वाटेत ढगाच्या तळाशी पोचते, आणि चालकाने दिवे लावले की प्रवासी ‘धुई आली’ म्हणतात, ती वस्तुतः तिरप्या उतारावर तयार होत असलेला ढगच असतो, जो खालून पाहणाऱ्याला ढग आणि आत बसलेल्याला धुके वाटतो. घाट ओलांडून कोल्हापूरकडे उतरताना हवा पुन्हा दाबली जाते, तापते, तिचे तापमान दवांकापासून दूर जाते आणि ढग विरळ होतात. गगनबावड्याच्या पावसाच्या तुलनेत कोल्हापूर शहराचा पाऊस कित्येक पटींनी कमी आणि शिरोळ तालुक्याचा त्याहूनही कमी का, याचे मूळ येथे आहे. राधानगरीच्या धरणात साठणारे पाणीही याच चढणीवर अरबी समुद्राच्या वाफेचे झालेले आहे.

शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांत हीच घटना डोकेदुखी म्हणून ओळखली जाते. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातील वाफही त्याच प्रमाणात दाटते. २८ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे १६ ग्रॅम वाफ असते. असे आठ घनमीटर एका घनमीटरात कोंबले तर १३० ग्रॅम वाफ एकत्र येते, पण ४० अंशांना तेवढ्या जागेत जेमतेम ५१ ग्रॅम मावते, आणि उरलेली सुमारे ८० ग्रॅम टाकीच्या तळाशी पाणी होऊन साचते. कामगार ‘लाइनला पाणी येतंय’ म्हणतो आणि रोज सकाळी तळाची तोटी उघडून ते सोडून देतो. येथे हवा दाबण्याने, म्हणजे अगदी शब्दशः दाट करण्याने, वाफेचे पाणी झाले. तेव्हा ‘सांद्र’ या शब्दाच्या मूळ कल्पनेला येथे तरी पूर्ण न्याय मिळतो.

या घटनेसाठी एखादा जुना भारतीय शब्द होता काय, असा प्रश्न विचारला जातो. रसशास्त्रातील ‘पातन’ हा त्याच्या सर्वांत जवळचा आहे. ‘रसरत्नसमुच्चय’सारख्या ग्रंथांत पाऱ्याच्या शुद्धीसाठी ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्पातन अशा तीन क्रिया वर्णिल्या आहेत. एकावर एक उपडे ठेवून सांधे लिंपलेल्या दोन मडक्यांपैकी खालचे तापवायचे आणि वरच्याच्या पाठीवर गार पाणी ठेवायचे, म्हणजे पाऱ्याची वाफ वर जाऊन थंड पृष्ठभागावर पुन्हा पारा होऊन धरते. तिर्यक्पातनात ही वाफ तिरक्या नळीने दुसऱ्या भांड्यात नेली जाते. आधुनिक मराठीने यांतील ‘ऊर्ध्वपातन’ हा शब्द उचलला आणि उकळवून वाफ पुन्हा द्रव करण्याच्या सबंध प्रक्रियेला लावला, जरी प्रयोगशाळेतील काचेच्या नळीतून तिरपी उतरणारी वाफ पाहता ‘तिर्यक्पातन’ अधिक चपखल ठरले असते. मात्र पातनात तापवणे आणि गार करणे ही दोन्ही अंगे येतात. केवळ गार होऊन पाणी होण्याला तो शब्द पुरत नाही.

मराठी परिभाषेच्या घडणीत कोल्हापूरचाही वाटा आहे. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हे फार्शीचे जाणकार आणि फार्शी–मराठी कोशाचे कर्ते. त्यांनीच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहून परकीय शब्दांऐवजी स्वकीय शब्द घडवण्याचा पुरस्कार केला. राज्यनिर्मितीनंतर १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने भाषा सल्लागार मंडळाच्या साहाय्याने विषयवार परिभाषा कोश तयार केले; वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाने परिभाषेसाठी स्वतंत्र खंड काढला; १९६६ साली मराठी विज्ञान परिषद आणि १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ अस्तित्वात आले. या संस्थांचे काम मोठे आहे आणि त्याविना मराठीतून विज्ञान शिकवणे शक्यच झाले नसते. तथापि कोश विषयवार झाल्यामुळे, भूगोल आणि भौतिकी यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या संज्ञांना दोन दारांतून दोन नावे मिळाली.

रसायनशास्त्रात ‘संघनन’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि निर्णयाच्या दृष्टीने तो निर्णायक म्हणावा लागेल. दोन रेणू जोडले जाऊन त्यांच्यातून पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो त्या अभिक्रियेला संघनन अभिक्रिया म्हणतात, आणि नायलॉन व पॉलिएस्टर यांचे धागे अशाच अभिक्रियेने बनतात. येथे वाफ नाही, थंड होणे नाही. आहे ते जुळून घट्ट होणे, आणि त्यासाठी ‘संघनन’ हा शब्द नेमका बसतो. अतिशीत अणूंच्या ज्या अवस्थेचे भाकीत सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या १९२४–२५ मधील कार्यातून झाले आणि जी १९९५ साली प्रयोगशाळेत साधली गेली, तिच्यासाठीही अणूंच्या एकवटण्याचा बोध करून देणारा ‘संघनन’ हाच शब्द मराठीत योग्य ठरतो.

तेव्हा वाटणी अशी व्हावी. वाफेचे पाणी होण्याला विज्ञान आणि भूगोल या दोन्ही पुस्तकांत ‘सांद्रीभवन’ म्हणावे. ‘संघनन’ हा शब्द रेणूंच्या आणि अणूंच्या एकवटण्यासाठी राखावा. तापमानाला ‘दवांक’ म्हणावे आणि ‘दवबिंदू’ हा शब्द पानावरच्या थेंबाला परत द्यावा. यंत्राला मात्र कामगार म्हणतो तसे ‘कंडेन्सर’च म्हणावे, कारण त्या शब्दाने कोणाचेही अडत नाही. आणि ही संज्ञा प्रथम येईल त्या पानावर, व्याख्येच्या आधी, ‘वाफेचे पाणी होणे’ हे चार वर्षांच्या मुलालाही कळणारे शब्द छापले जावेत, अशी पाठ्यपुस्तकांच्या संपादकांना आणि परिभाषा कोशांच्या पुढील आवृत्तीचे काम पाहणाऱ्या अभ्यासकांना विनंती आहे.